मदत हवी आहे: जुलैमध्ये ठाण्यात चांगली मासळी कुठे मिळेल?
नमस्कार. आई-बाबांच्या लग्नाला जुलैमध्ये ४० वर्षे पूर्ण होत असून, श्रावण लागण्यापूर्वी त्यांना ठाण्यातील किंवा वाशी-बेलापूर भागातील एखाद्या उंची मत्स्याहारी रेस्टॉरंटमध्ये न्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने तेव्हा पानात येणारी सुरमई बहुधा बर्फातलीच असणार, आणि आयुष्यभर कल्ले उघडून लालसर रंग पाहूनच मासळी घेणाऱ्या आईला ते पहिल्या घासात कळेल. त्यापेक्षा खाडीतल्या चिंबोऱ्या किंवा तळ्यात वाढवलेला जिताडा मागवणे योग्य ठरेल का? दर वजनावर असल्यास शिजवण्यापूर्वी मासा दाखवून वजन सांगतात का? कृपया स्वानुभवाने ठिकाण सुचवावे.