थ्रीजीला चंद्रकोर काढा म्हणे!

भोसरीकर: काल इथे एकानं लिहिलं, 'फ्लक्स कोअरनं (पोटात पावडर भरलेल्या वायरनं) थ्रीजी, म्हणजे उभ्या जोडाची वेल्डिंग परीक्षा, देताना टॉर्चनं चंद्रकोर काढत वर चढा, हमखास पास.' हे वाचून माझ्या हाताखालच्या दोन पोरांनी प्लेटा मारल्या, दोन्ही साइड बेंडला (जोडाची पट्टी कापून वाकवायच्या चाचणीला) उघडल्या. 3 मिमीपर्यंतची फट माफ असते, इथे नखं जात होती आत. चंद्रकोरीत हात मधे रेंगाळतो, मधे पोट सुटतं, कडा उपाशी, स्लॅग (वितळलेल्या फ्लक्सचा मळ) कोपऱ्यात. आडवं सरळ न्या, कडेला 'एक-दोन' मोजा, मधून सटकन निघा.

कागलचा वेल्डर: दादा, चंद्रकोरीला का शिव्या? मी रूटला, म्हणजे तळच्या पहिल्या थराला, मागून सिरॅमिकची पट्टी लावून त्रिकोण काढतो, वरच्या थरांना सगळी चंद्रकोर. 1.2 ची वायर, 175 अँपिअर, 24 व्होल्ट. पोरांचे व्होल्ट किती होते?

भोसरीकर: 27. पण मुद्दा तो नाही.

कागलचा वेल्डर: 27 वर वितळलेला धातू मेणासारखा ओघळणार, आणि मुद्दा तो नाही!

डबा वाचणारा: वायर कुठली ते तरी बघितलं का? डब्यावर ई-71 हवं, ती उभ्यालाही चालते. 7 च्या पुढं 0 असेल तर ती फक्त फ्लॅट-हॉरिझॉन्टलची. मग रांगोळी काढा, खालीच येणार.

भोसरीकर: 71 च होती. शिकवू नका.

रात्रपाळी: माझी प्लेट पंख्यानं घालवली. मे महिना, पत्र्याची शेड, शेजारी पेडेस्टल फॅन, वेल्डवरचा संरक्षक गॅस उडाला. कॅप (वरचा थर) चकाचक, एक्स-रेत साबुदाण्यासारखी भोकं.

जुना फिटर: आमच्याकडे पंखा बंद करायला लावला, पोरगा चक्कर येऊन पडला. गॅस मोठा का माणूस?

रात्रपाळी: बंद कोण म्हणतंय? मधे पडदा लावा.

जुना फिटर: पडदा मागितला तर 'गॅस वाढव' म्हणाले. मिनिटाला 30 लिटर सोडला की गॅस घुसळतो, बाहेरची हवा आत ओढतो. हे साहेबांना कोण सांगणार?

भोसरीकर: अहो, धागा वीव्हिंगचा, टॉर्च कशी हलवायची त्याचा आहे!

जुना फिटर: एसीत बसून लिहिता वाटतं.

भोसरीकर: एसी? पावसाळ्यात मशीनवर प्लास्टिक घालतो मी, ये बघायला.

(दोन दिवसांनी)

भोसरीकर: व्होल्ट 24 वर आणले. पोरानं मुद्दाम चंद्रकोरच काढली. वाकवली, उघडली नाही. नाचू नका, कडेला थांबला म्हणून.

कागलचा वेल्डर: धन्य! कडेला न थांबता चंद्रकोर काढा असं मी कुठं म्हणालो?

रात्रपाळी: पंखा बंद होता का?