अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणात 'उरलेल्या रकमेचा' आलं की पोरगी अडते, मदत हवी आहे

मुलगी पाचवीत आहे, स्कॉलरशिपची तयारी सुरू आहे. अपूर्णांकांची नुसती बेरीज-वजाबाकी द्या, समच्छेद करून झटझट सोडवते. खर्च आणि बचतीचं शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडली. पुस्तकातल्या 'रमेशजवळ काही रुपये होते'चा तिला भारी कंटाळा, म्हणून मी घरचंच एक बनवलं:

'तान्ह्या पोळ्याला रियाला काही बोजारा मिळाला. त्याचा १/३ भाग तिने लाकडी नंदीच्या रंगावर आणि झुलीवर खर्च केला. उरलेल्या रकमेचा २/५ भाग मैत्रिणींबरोबर चाट खाण्यात गेला. शिल्लक २४० रुपये गुल्लकमध्ये टाकले. तर एकूण बोजारा किती?'

(नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, तेव्हा हातावर जे पैसे पडतात तो बोजारा.)

तिने १/३ + २/५ = ११/१५ केलं. उरले ४/१५, ते २४०, म्हणून एकूण ९००. उत्तर कसं छान गोल आलं, त्यामुळे तिला शंकाच येत नाही. ताळा करायला लावला: ९०० चा तिसरा हिस्सा ३००, उरले ६००, त्याचे दोन पंचमांश २४०, शिल्लक ३६०. ताळा जुळत नाही हे पटतं, पण घोळ कुठे झाला ते तिला दिसून नाही राहिलं.

तिच्या आजोबांची हयात इतवारीतल्या दुकानात गेली. पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) अजून तोंडपाठ. त्यांनी ऐकल्या ऐकल्या ६०० सांगितले. कसे, विचारलं तर "दिसतेच ना बापा!" ट्यूशनच्या सरांनी सरळ 'क्ष मानू' सुरू केलं. पाचवीच्या पोरीला आताच समीकरण मला पटत नाही. 'क्ष'शिवाय समजवायची रीत कोणी सांगेल का?

उत्तर:
ताई, तिने दोन्ही अपूर्णांक एकाच रकमेचे धरले. २/५ हा अख्ख्या बोजाऱ्याचा नाही, नंदीचा खर्च वजा जाता जे राहिलं त्याचा आहे. चौकटीची वही घ्या आणि एका ओळीत १५ घरं आखा (छेद ३ आणि ५, म्हणून १५). १/३ म्हणजे ५ घरं, ती रंगवा. राहिली १०. आता पेन्सिल फक्त या १० घरांवर फिरू द्या. त्यांचे २/५ म्हणजे ४ घरं. ती पण रंगवली की कोरी ६ उरतात, तेच २४० रुपये. एक घर ४० चं, १५ घरं ६०० ची. तिच्या रीतीत चाटची ६ घरं गेली होती, कारण तिने २/५ पूर्ण १५ चे काढले. ४ आणि ६ शेजारी शेजारी रंगवून दाखवा.

धागाकर्ती:
हे जमलं तिला! पण 'उरलेल्याचा' दोन-तीनदा आला तर? घरं फार होतात.

उत्तर:
मग शेवटून मागे यायचं. चाटवर २/५ गेले, म्हणजे २४० हे पाचातले तीन भाग. एक भाग ८०, पाच भाग ४००. चाट खाण्याआधी ४०० होते. त्याआधी १/३ गेला होता, म्हणजे ४०० हे तिनातले दोन भाग. एक भाग २००, तीन भाग ६००. कितीही टप्पे असोत, दर टप्प्याला हेच. आजोबाही बहुतेक असेच मागून येत असतील, फक्त तोंडाने बोलत नाहीत.

आणि एक करा. त्याच उदाहरणात एकच शब्द बदलून उत्तर ९०० येईल असं करून दाखव, म्हणावं. 'उरलेल्या' खोडून तिथे तिने आपणहून 'एकूण' लिहिलं की समजा, बसलं डोक्यात.