मोळ्या बांधणाऱ्या पोराचा व्हिडिओ आणि 'कष्टाचे संस्कार'

फडावरची_लेक
काल इथं एका भाऊंनी व्हिडिओ टाकला. दहा-अकरा वर्षांचं पोरगं उसाच्या फडात मोळ्या बांधतंय आणि वर ओळ : "मोबाईलमध्ये तोंड खुपसणाऱ्यांपेक्षा हा लाखपट बरा, याला म्हणतात कष्टाचे संस्कार." खाली सगळ्यांनी हात जोडलेले. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहिते.

माझे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत. आई पहाटे अंधारात फडात, मी कोपीवर म्हणजे आमच्या झोपडीवर, कडेवर धाकटा. पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, दुपारी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायच्या. पाचटानं, उसाच्या वाळल्या पानांनी, बोटं चिरायची आणि रात्री कालवणात हात घातला की झोंबायचं. गाडी रात्री भरायला आली तर मोळी उचलून द्यायलाही मीच. उचल, म्हणजे मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर असते, पोरं कुणाच्या हिशोबात नसतात. तो व्हिडिओतला पोरगाही असाच फुकटात राबतोय. गावी परत आलं की शाळेत वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर. हेच का ते संस्कार?

रानमाळ
व्हिडिओ मीच टाकला. ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण प्रत्येक गोष्टीला बालमजुरी म्हणायची फॅशन झालीय. आम्हीपण सुट्टीत औत धरलं, खुरपलं, आणि शिकून नोकरीला लागलो. बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीत घरच्या कामाला मुभा आहे. वाचा आधी.

फडावरची_लेक
वाचलंय. मुभा आहे ती शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, घरच्या कामात, तेही धोक्याचं नसेल तर. रान दुसऱ्याचं, ऊस कारखान्याचा, उचल मुकादमाची, कोयता हातभर लांब. यात घरचं काय आहे? तुम्ही सुट्टीत औत धरलं आणि जूनमध्ये वर्गात बसलात. ह्या पोरांची शाळा ऐन नोव्हेंबर ते मार्चमध्ये बुडते. 14 वर्षांखालच्याला कामाला लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, नाहीतर दोन्ही, हेही त्याच कायद्यात आहे.

टोळीवाला_बीड
आणि शिक्षा कुणाला करणार? आईबापाला पहिल्या वेळी शिक्षा नाहीच. राहिला मुकादम, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारा. माझे वडील मुकादम होते. टोळी उचल घेऊन पळाली, कारखान्याचे पैसे आम्ही दोन एकर विकून फेडले. त्याचा व्हिडिओ कुणी टाकला नाही. पोरं आणा असं आम्ही कधीच म्हटलं नाही.

फडावरची_लेक
म्हणायची गरजच नसते, दादा. टनावर मजुरी आणि डोक्यावर उचल असली की बाप स्वतःच पोराला हाक मारतो. तुमची जमीन गेली ते वाईटच झालं. पण त्याची वसुली अकरा वर्षांच्या पोरीच्या बोटांतून व्हावी का?

खडू_फळा
शिक्षक आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरांसाठी आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. पोरं आजी-आजोबांकडे राहतात, जेवण शाळेकडून. कल्पना चांगली. पण अनुदान हंगाम सरत आल्यावर हातात पडतं, तोवर किराणा आमच्या नावावर उधार. वर मतदारयाद्या, सर्वेक्षणं, रोज नवी ऑनलाइन माहिती. शिकवायचं कधी?

सडेतोड_आष्टी
झालं गुरुजींचं रडगाणं सुरू. आमच्या गावात वसतिगृहाच्या हजेरीत पोरं भरलेली आणि पंगतीला निम्मीपण नाहीत. ती कुठे होती? फडात!

खडू_फळा
तुमच्या गावचं पाप माझ्या माथी मारू नका. मी ऑक्टोबरात तांड्यावर घरोघर फिरून पोरं थांबवतो. शिक्षण हमी कार्ड स्वतः भरून देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखवता येईल. कधी आला होतात पाहायला?

सडेतोड_आष्टी
तुम्ही करत असाल. बाकीच्यांचं काय? सरकारी पगार घेऊन शाळेच्या ग्रुपवर सुप्रभात टाकणारे शेकड्यानं पाहिलेत.

रानमाळ
विषय काय, चाललंय काय.

कोपीतली_माय
मास्तर-मास्तर खेळून झालं असेल तर ऐका. मी अजून जाते ऊसतोडीला. पोरगा आजीजवळ ठेवला, पोरगी नाही ठेवत. सासूला नीट दिसत नाही. रात्री कोण बघणार तिच्याकडं? वसतिगृहात जेवण मिळतं, झोपायचं तर घरीच. म्हणून पोरगी संगं नेते, नाहीतर लोक म्हणतात लग्न उरकून टाक. मुलींना राहायला कुलपाची खोली आणि एक बाई द्या, मी कशाला नेऊ फडात?

फडावरची_लेक
मावशी, मला हेच म्हणायचं होतं. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय निवासी वसतिगृहांची योजना आहे, समाज कल्याण कार्यालयात आधी त्याचं विचारा. आणि तिला न्यावंच लागलं तर शाळेनं कधीही, वयानुसार वर्गात घ्यायचं आहे. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आहे. मालक वारले असतील तर बाल संगोपन योजनेचा अर्ज करा, महिन्याला 2250 रुपये मिळतात.

कोपीतली_माय
मालक आहेत. पण जावेचे गेले दोन वर्षांपूर्वी. ती अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीविना एकटीच जाते, दोन्ही पोरं संगं. तिला सांगते. अर्ज कुठं द्यायचा?

खडू_फळा
जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समिती देते. वडिलांचा मृत्यू दाखला, मुलांची आधार कार्डं, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक तयार ठेवा. बोनाफाईड मुख्याध्यापकांनी टाळलं तर मला सांगा.

टोळीवाला_बीड
मुलींच्या खोलीचं पटलं, एवढं मान्य. पण उचल बंद करा म्हणाल तर दवाखाना, लग्न, पेरणीला पैसा कोण देणार तेही सांगा. बँक तर दारात उभं करत नाही.

रानमाळ
व्हिडिओ काढलाय. कष्टाचं मोल असतं हे मात्र मी मागे घेणार नाही.

फडावरची_लेक
मागे घेऊच नका. मोल असतंच, म्हणून तर मोठ्या माणसाला त्याचं पुरतं द्या म्हणते. आईबापाला टनाला नीट दर मिळाला तर पोराला फडात हाक मारावी लागणार नाही.

सडेतोड_आष्टी
गुरुजी, आमच्या गावच्या वसतिगृहाची हजेरी कुणाकडे मागायची? माहिती अधिकार टाकतो.

खडू_फळा
टाका. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात. आणि अनुदान शाळेला कोणत्या तारखेला मिळालं, तेही त्याच अर्जात विचारा.