महाप्रसादातून विषबाधा झाली, आता गावात अन्नसुरक्षेचा कार्यक्रम घ्यायचा आहे, पैसे कुठून उभे करायचे?

काळीमाती_वणी

नमस्कार मंडळी. आमचं गाव वणी तालुक्यात, अडीचशे उंबऱ्याचं. यंदा हनुमान जयंतीला सप्ताहाची सांगता होती, महाप्रसाद झाला आणि साठेक लोकांना उलट्या-जुलाब झाले, त्यात लेकरं जास्त. कोणी दगावलं नाही हे नशीब, पण दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून टांगल्या होत्या, ते डोळ्यासमोरून जात नाही.

झालं असं की सयपाक सकाळी दहालाच तयार होता. पण पाहुणे यायचे होते, ते आले अडीचला, मग सत्कार, मग भाषणं, पंगत बसली चार वाजता. भात गंजातच (मोठ्या पातेल्यात) होता, वरून ओलं फडकं टाकून. वांग्याची भाजी पण सकाळचीच. सात-साडेसातला पहिल्या लेकरानं उलटी केली. आता गावात दोन पार्ट्या, एक म्हणते वांग्यावर फवारा मारलेला होता, दुसरी म्हणते कोणीतरी मुद्दाम काही टाकलं. अन्न तपासायला साहेब आले तोवर बायांनी गंज घासून पालथे घातले होते, त्यामुळे नमुना नाही, निदान नाही, सगळा राग आचाऱ्यावर निघाला.

आमचं मंडळ (बारा पोरं) आणि दोन बचत गट मिळून वर्षातून तीन-चार कार्यक्रम घ्यायचं ठरवलंय. सयपाक करणारे, शाळेच्या खिचडीवाल्या ताई, चौकातले भजे-पाणीपुरीवाले, आणि घरच्या बाया असे. आमच्यातल्या एकानं बजेट काढलं ते 80 हजारावर गेलं, मंडप, साउंड, प्रोजेक्टर, पाहुण्यांचं मानधन, फोल्डर-पेन-पिशवी, नाश्ता. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले असं खर्चाचं हेडच नाही. कोणी केलंय का असं काही? सुरुवात कुठून करायची, पैसे कोण देते, आणि मुख्य म्हणजे लोक येतील का?

निवृत्त_आरोग्यसेवक

भाऊ, आधी ते 80 हजाराचं बजेट फाडून टाका. मी 31 वर्षं उपकेंद्रावर काढली, पिशवी-फोल्डरवाली शिबिरं किती पाहिली त्याची मोजदाद नाही, लोक फोल्डर घरी नेऊन त्यात लाइट बिल ठेवतात.

तुम्ही वेळ लिहिली ते बरं केलं. चारला जेवण आणि सातला उलट्या, म्हणजे तीन तास. नमुना नसताना छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, पण जेवल्यावर 1 ते 6 तासात उलट्या सुरू झाल्या की आम्ही आधी अन्नात तयार झालेल्या विषाचा संशय घेतो. फवारणीचं औषध पोटात गेलं तरी लवकरच त्रास होते, पण त्यात तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्याच्या बाहुल्या बारीक, ते डॉक्टरच्या नजरेतून सहसा सुटत नाही. भाताचं गणित वेगळं आहे. तांदळात एक जंतू असते, ते उकळल्यावरही बीजाच्या रूपात जिवंत राहते, भात कोमट झाला की वाढते आणि विष सोडते. दुसरं म्हणजे हाताला जखम-फोड असलेल्या माणसानं अन्न कालवलं तर त्या जखमेतल्या जंतूचं विष. ही दोन्ही विषं पुन्हा गरम केल्यानं जात नाहीत. "उकळून घ्या, काही होत नाही" हे आपल्याकडे सगळे म्हणतात, आणि तिथंच घात होते.

म्हणून तुमच्या पहिल्या कार्यक्रमात एकच गोष्ट शिकवा, वेळ आणि ताप, म्हणजे अन्न किती वेळ आणि किती गरम ठेवलं. 5 ते 60 अंशाच्या मधात अन्न ठेवायचं नाही, ठेवलं तर चार तासाच्या वर नाही, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात मी तर दोनच म्हणीन. हे भाषणात सांगू नका. आम्ही काय करत होतो सांगतो. सकाळी दोन भांड्यात भात शिजवायचा. एक गंजातच झाकून ठेवायचा, दुसरा मोठ्या परातीत पातळ पसरायचा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर मिळते काही शे रुपयात, तो दर अर्ध्या तासानं बायांच्याच हातात द्यायचा आणि आकडा फळ्यावर त्यांनाच लिहायला लावायचा. परातीतला भात बघता बघता थंड होते, गंजातला मधोमध तासन् तास कोमटच. एक म्हातारी त्या गंजात हात घालून म्हणाली, "हे तं अंडे उबवायची जागा झाली." त्यानंतर मला बोलायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या कार्यक्रमात हात आणि पाणी. हाताला तेल-हळद लावून एकीला नुसत्या पाण्यानं, एकीला साबणानं धुवायला लावा, नखातली हळद दिसते. पाण्यासाठी तुमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बोलवा, त्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकते ते सर्वांसमोर विचारा आणि तिथंच ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ती तपासणी, करून घ्या. महाप्रसादाचं पाणी टँकरचं की विहिरीचं हे आजवर कोणी विचारलंय का?

पैशाचं म्हणाल तर गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता, पोषण व पाणीपुरवठा समिती असते, कागदावर तरी असतेच. तिला आरोग्य अभियानातून वर्षाला 10,000 रुपयापर्यंत अबंधित निधी मिळते, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनं ठरवायचं. आशाताई आणि अंगणवाडीताईंना विचारा मागच्या वर्षी किती आला, कशावर खर्च झाला. आम्ही दोन कार्यक्रम त्यातल्या साडेचार हजारात केले होते, तांदूळ-डाळ लोकांनी दिली, जागा शाळेची.

ग्रामसंघ_सचिव_ताई

दादांनी सगळं बरोबर सांगितलं पण एक राहिलं, वेळ. तुम्ही मंडळवाले कार्यक्रम ठेवता दुपारी 12 ला आणि म्हणता बाया येत नाहीत. निंदणाचा रोज पाडून कोण येईल हो? आम्ही रात्री आठला ठेवतो, गटाची बैठक असते त्यालाच जोडून, तेव्हा पंचेचाळीस मिनिटं मिळतात, त्यावर एक मिनिट जास्त नाही. पेरणी आटोपल्यावर ते पोळ्यापर्यंत मधात जमते, एकदा कापूस वेचणी लागली की दिवाळीनंतर थेट संक्रांतीपर्यंत विसरा.

ग्रामपंचायत "हेड नाही" म्हणते ते अर्धं खरं आहे. "अन्नसुरक्षा" असं हेड नसेलच. पण स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, तुमचा अर्ज त्या नावानं द्या, विषय लिहा "महिला व किशोरींसाठी आहार व स्वच्छता प्रशिक्षण". वित्त आयोगाच्या पैशात बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात, पाणी-स्वच्छतेचा बंधित भाग त्यासाठीच जाते, तुम्हाला अबंधित भागातून मागता येईल, पण ते काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलेलं पाहिजे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं सुरू होते, त्या सभेत उठून बोला, आणि ठरावात ओळ लिहून घेतल्याशिवाय सभा सोडू नका. मी एका वर्षी नुसतं बोलून आली, इतिवृत्तात "इतर विषयांवर चर्चा झाली" एवढंच आलं 😅

आणखी एक विषय घ्या, भगर. नवरात्र आणि महाशिवरात्रीला दरवर्षी कुठून ना कुठून भगरीच्या विषबाधेची बातमी येते. जुन्या, दमट भगरीवर बुरशी धरते, तिचं विष असते. पीठ तर त्याहून लवकर खराब होते. सुटं पीठ घ्यायचं नाही, पाकीटबंद भगर तारीख पाहून घ्यायची, निवडून-धुवून घरी लागेल तेवढीच दळायची. हे आम्ही नवरात्राच्या आठ दिवस आधी सांगतो तेव्हा बाया ऐकतात, जूनमध्ये सांगितलं तर कोण लक्षात ठेवते.

आणि फवारणीच्या दिवसात फवारणीची बकेट, औषध मोजायचा ग्लास आणि रिकामे डबे. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते सर्वांना माहीत आहे, तरी अजून घरोघरी औषधाच्या रिकाम्या डब्यात रॉकेल नाहीतर तेल दिसते. तुमच्या गावात वांग्याचा संशय आलाच आहे तर हा विषय पोरांनी घ्यावा, बायांवर ढकलू नये, डबे आणते कोण?

गंजवाला_आचारी

मी सोता आचारी हाय, लग्न-तेरवी-भंडारा सगळं करतो, एकवीस वर्षं झाली. वाचून वाईट वाटलं, त्या आचाऱ्याची काय चूक सांगा? त्यानं दहाले सयपाक देला, मंग पाहुना अडीचले आला त्याले तो काय करन? आमाले सांगते "बाराले पंगत हाय", अन् बसवते चारले. मी आता सांगूनच ठेवतो, पंगतीची टाइम पक्की असन तं भात तवाच टाकतो, नाई तं चूल पेटवत नाई. वरन अन् कढी चुलीवर उकळत ठेवता येते, भाजी दोन टप्प्यात करता येते, भाताले लागतेच किती वेळ, पानी उकळून ठेवलं की झालं. पन असं केलं तं पुढारी मंडळी म्हनते आचाऱ्याले माज आला.

तुमचा कार्यक्रम करा पन आमाले खाली बसवून शिकवू नका, आमाले बोलाले लावा. अन् कमिटीच्या लोकाईले पुढच्या रांगेत बसवा, कारन सयपाक कवा वाढाचा हे तेच ठरवते. आनखी एक, वाढनारे पोट्टे. खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटलेल्या हातानं बुंदी वाढते. त्याईले कोन शिकवीन?

रजिस्ट्रेशनचं पन सांगा सगळ्याईले. मी अन्न विभागाचं काढलं, ऑनलाइन होते, मी काढलं तवा वर्षाले 100 रुपये फी होती. धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटनारे पन त्यात येते असं मले तिथल्या सायबानं सांगतलं. सायबाले बोलावलं तं ते येते बी, फक्त पत्र पंधरा दिवस आधी द्या.

चंद्रपूरकर_९०

मी एका संस्थेत काम करतो, नाव सांगत नाही. सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या समाजकामाच्या पैशाकडे, जायचा विचार असेल तर आधीच सांगतो, मंडळाला थेट पैसे मिळणं कठीण. कंपनी कायदा 2013 चा, कलम 135, मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्चावे लागतात, पण ज्या संस्थेमार्फत खर्चतील तिची एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते. तुमचं मंडळ नुसतं धर्मादायकडे नोंदवलेलं असेल तर तेवढ्यानं भागत नाही. अशी नोंदणी असलेली एखादी संस्था जवळ असेल तर तिच्यासोबत जा. आणि प्रस्तावात प्रतिबंधक आरोग्य, स्वच्छता, सुरक्षित पिण्याचं पाणी हे शब्द आलेच पाहिजेत, कारण कायद्याच्या यादीत तेच आहेत.

वणी-चंद्रपूर पट्ट्यात खाणी आहेत म्हणून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणवाल्यांकडून खाणपट्ट्यासाठी जमा होणारा निधी) पण विचार करा, आरोग्य, पाणी, महिला-बालकल्याण हे त्यात प्राधान्याचे विषय आहेत. मात्र एका गावाचा दहा हजाराचा अर्ज तिथं कोणी वाचणार नाही, दहा-बारा गावं मिळून पंचायत समितीमार्फत गेलात तर बघतील.

आणि खरं सांगू का, पहिल्या वर्षी यातलं काहीच करू नका. आमच्याकडे एका कंपनीच्या पैशातून हात धुण्याचा कार्यक्रम झाला, बॅनर 12 बाय 8 चा, साहेबांचा फोटो हाताच्या फोटोपेक्षा मोठा, बेसिन बसवले त्याला पाणी जोडलंच नाही. आजही आहेत, त्यात कोंबड्या बसतात. आधी गावच्या पैशात दोन कार्यक्रम करा, वही ठेवा, कोण आलं, काय विचारलं, पुढच्या भंडाऱ्यात पंगत किती वाजता बसली. ती वही हातात असली की पैसे मागताना तोंड उघडायला जोर येते.

काळीमाती_वणी

सगळ्यांचे आभार. काल आशाताईंकडे जाऊन आलो, समितीच्या खात्यात 3,800 रुपये पडून आहेत, शेवटचा खर्च सतरंजीचा दाखवलाय, ती सतरंजी कुठं आहे ते विचारायचं राहिलं. सरपंचबाई तयार आहेत. पहिला कार्यक्रम पोळ्याच्या आधी, रात्री आठ, मारुतीच्या पारावर, गंज-परातीचा प्रयोग, फक्त तो संध्याकाळी पाचलाच सुरू करावा लागेल नाहीतर आकडे दिसणार नाहीत. आमच्या गावच्या आचाऱ्याच्या घरी पण गेलो होतो, बाहेरच आले नाहीत. गंजवाले भाऊ, तुम्ही फोनवर बोलाल का त्यांच्याशी?

गंजवाला_आचारी

बोलतो ना. नंबर इथं टाकू नका, मेसेजमधी पाठवा. अन् त्याले मनाव गंज त्याचाच आन, माझा आनला तं येनार नाई तो.

निवृत्त_आरोग्यसेवक

थर्मामीटर दोन घ्या, एक हमखास वरणात पडते.