वावराचा अन् गटाचा हिशेब मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवून फायदा होते का?

दारव्ह्याची_सून

नमस्कार मंडळी. माझं सासर दारव्हा तालुक्यात. लेकरांचे बाबा पुण्याकडे कंपनीत कामाला आहेत. इथं मी, मामाजी अन् दोन लेकरं. वावर दोन जागी आहे, एक नाल्याकडचं काळं, दुसरं टेकडीखालचं हलकं. काळ्यात कापूस अन् मधात तुरीच्या ओळी, हलक्यात सोयाबीन. शिवाय आमच्या बचत गटाची मी सचिव आहे.

कामाचं काही नाही, पण सगळं डोक्यात ठेवून थकून राहिली. बियाण्याची बिलं लोखंडी पेटीत, मजुरीचा हिशेब पोरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर, खत केव्हा टाकलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर. अन् कॅलेंडर जानेवारीत बदलते. मागच्या हंगामात कृषी केंद्रात विचारलं, आधीची फवारणी कशाची होती? मामाजी म्हणाले, हिरव्या झाकणाची बाटली होती.

मृग तोंडावर आला आहे. भाऊ म्हणते मोबाईलमध्ये नोट्सचं अ‍ॅप घे, सगळं एका जागी राहीन. खरंच फायदा होते का, की हे आणखी एक काम मागं लागते? वावरात रेंज नसते, ग्रामपंचायतीजवळ आलं की येते. मराठीत लिहिता येते का? अन् पैसे लागतात का?

---

हिंगणघाटची_कास्तकारीण

ताई, फायदा होते, अन् तुमच्यासारखीला जास्तच होते. माझ्याकडेही कारभार एकटीच्या अंगावर आला तेव्हा मी हे सुरू केलं. आता ते सोडून कास्तकारी करायचा विचारही करवत नाही.

मी गुगल कीप वापरते. फुकट आहे, मराठीत लिहिता येते, अन् रेंज नसली तरी फोनवर नोंद होते. नेटमध्ये आलं की आपोआप खात्यात चढते. दुसरेही अ‍ॅप चांगले आहेत, पण त्याच्यावर वाद घालण्यात जून निघून जाईन.

अ‍ॅपपेक्षा नोंद कशी मांडता हे महत्त्वाचं. मी दर हंगामाला एका वावराची एकच नोट करते. वर शीर्षक: वावराचं नाव, गट नंबर, पीक, वर्ष. खाली ओळीनं तारीख अन् काय केलं ते. रोजनिशीसारखं दिवसादिवसाचं लिहिलं तर नंतर सापडत नाही, कारण आपल्याला प्रश्न पडते तो वावराचा पडते. 'नाल्याकडच्याला दुसरा डोस केव्हा दिला?' ती नोट उघडली की उत्तर समोर. वावराचं नाव मात्र दर वेळी तेच लिहा, नाहीतर शोधताना अर्ध्या नोंदी हाती लागत नाहीत.

बियाणं घेतलं की दुकानाच्या ओट्यावरच बिलाचा, पाकिटाचा अन् लॉट नंबरचा फोटो त्या नोटमध्ये टाकते. फोटोखाली वाणाचं नाव अन् 'बियाणं बिल' एवढं लिहिते, म्हणजे नंतर शोधता येते. उगवण झाली नाही अन् तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायची पाळी आली, तर बिल, टॅग, पिशवी अन् थोडं शिल्लक बियाणं लागते. फोटो अस्सल बिलाच्या जागी चालत नाही, बिल पेटीत ठेवाच. पण पेटीत नेमकं काय आहे ते फोटोवरून दोन मिनिटांत कळते.

फवारणीच्या नोंदीबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. तुम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या, तुम्हाला २०१७ आठवत असेन. त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन तुमच्या जिल्ह्यात २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. अशा वेळी डॉक्टर पहिलं विचारते, औषध कोणतं होतं? मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फरस औषधाच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन देतात, दुसऱ्या जातीच्या औषधाला तोच उतारा चालेन असं नाही. डब्याच्या लेबलवर औषधाचं तांत्रिक नाव, विषारीपणाचा त्रिकोण (लाल, पिवळा, निळा, हिरवा) अन् उतारा छापलेला असते. पण घाबरलेल्या घरात त्या वेळी डबा कोण शोधते? म्हणून पंपात औषध टाकायच्या आधी लेबलचा स्वच्छ फोटो, दोन औषधं मिसळली तर दोन्हींचा, कोण फवारून राहिला त्याचं नाव, अन् किती वाजता सुरू केलं. माझ्या वावरात फवारायला येणाऱ्या भावाच्या बायकोला ही नोट मी शेअर करून ठेवली आहे. दुसरं काहीच लिहिणं झालं नाही तरी चालेन, हे लिहा ताई.

कापसाच्या गुलाबी बोंडअळीचंही त्यातच बसते. पेरणी झाली की त्याच दिवशी ४५ दिवसांनंतरची आठवण लावून टाका: कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे), हेक्टरी ५. मग सापळ्यातले पतंग मोजून रोज एक आकडा लिहायचा. सलग तीन दिवस सापळ्यात ८ च्या वर पतंग आले किंवा शंभरातली दहा हिरवी बोंडं किडलेली निघाली, तर फवारा लागते. आकडा लिहिलेला नसला की आपण शेजारच्याचं पाहून फवारतो. अन् शेजारचा आपलं पाहून राहिलेला असते.

मजुरीची नोट वेगळी. वेचणीत रोज कोणी किती किलो वेचला, उचल किती दिली. ती लेकरांच्या बाबांसोबत शेअर करा. पुण्यात बसून त्यांनाही दिसते घरी काय चालू आहे. माझा मुलगा नागपूरला शिकते, तो संध्याकाळी नोट पाहून बेरीज करून टाकते. फोनवर 'पैसे कशात गेले' हे बोलणं आमच्याकडे बंदच झालं.

---

सेतूवाला_वाशीम

बाकी सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट आधी करा. ताई, तुमच्या फोनमध्ये जो जीमेल आहे तो कोणी काढला? आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी बहुतेकांचा जीमेल मोबाईलच्या दुकानदारानं काढून दिलेला असते. पासवर्ड त्यालाही आठवत नाही अन् यांनाही माहीत नाही. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, तर नव्या फोनवर तोच जीमेल उघडला की सगळ्या नोट्स परत येतात. पासवर्ड माहीत नसला तर हंगामाच्या नोंदी असून नसल्यासारख्या. म्हणून आजच पासवर्ड नवा करा, खात्याला स्वतःचा चालू नंबर जोडा, अन् पासवर्ड कागदावर लिहून त्या लोखंडी पेटीत ठेवा.

नोट्समध्ये एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड लिहू नका. आधार, पॅनसाठी डिजीलॉकर आहे, २०१५ पासून सरकारचंच, ते वापरा. फोनला लॉक लावा. अन् हंगाम संपला म्हणून नोट डिलीट करू नका, संग्रहात टाका. कीपमध्ये डिलीट केलेली नोट कचऱ्यात फक्त ७ दिवस राहते.

---

मोर्शीचा_संत्रावाला

पोरी, तू लिहून राहिली हेच मोठं आहे. मी म्हातारा माणूस, माझ्या बागेच्या वह्या आहेत. बहाराला ताण केव्हा दिला, पाणी केव्हा सोडलं, गळ कोणत्या आठवड्यात झाली, झाडाच्या ओळीनुसार सगळं त्यात आहे. वहीला चार्जिंग लागत नाही.

पण पैशाचं लेन-देन कागदावरच ठेव. उचल दिली की त्या माणसाची सही नाहीतर अंगठा घ्यावा. मोबाईलमधला आकडा उद्या कोणी मानला नाही तर भांडण गावात होते. माझा नातू आता वहीच्या पानांचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवते, ते मला पटलं.

---

पुसद_फिरस्ता

एवढं कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येते. सगळ्यांना येते ते, नवीन काही शिका लागत नाही.

---

हिंगणघाटची_कास्तकारीण

@पुसद_फिरस्ता भाऊ, चालू पडायला ते बरं आहे. पण तिथं सगळं तारखेच्या ओळीत एकामागं एक जाते. वावराप्रमाणं वेगळं राहत नाही, जुन्या नोंदीत भर घालता येत नाही. अन् फोन भरला की घरातलं कोणीतरी पहिले व्हॉट्सअ‍ॅपचेच फोटो उडवते.

@मोर्शीचा_संत्रावाला काका, तुमचं शंभर टक्के खरं. उचलीची सही माझ्याकडेही वहीतच असते.

ताई, तुमच्या बचत गटाचं राहिलं. गटाचं दप्तर आहे तसंच वहीत चालू द्या. बँकेला अन् उमेदच्या (सरकारच्या बचत गट अभियानाच्या) लोकांना तेच लागते, बायांचाही त्याच्यावरच विश्वास. मोबाईलमध्ये फक्त बैठकीनंतर इतिवृत्ताच्या अन् कर्ज-परतफेडीच्या पानाचे फोटो, अन् पुढच्या बैठकीत काय विचारायचं त्याची यादी. कोणाचा हप्ता राहिला ते गटाच्या शेअर केलेल्या नोटमध्ये लिहू नका. गरिबाच्या घरची गोष्ट चार फोनवर फिरते, ते मला बिलकूल आवडत नाही.

---

दारव्ह्याची_सून

सगळ्यांचे आभार. सेतूवाले दादा, जीमेल खरंच दुकानदाराचाच निघाला. भावाला घेऊन नवीन पासवर्ड केला, नंबर जोडला, कागद पेटीत ठेवला. नाल्याकडचं अन् टेकडीखालचं अशा दोन नोट्स केल्या. लेबलच्या फोटोची गोष्ट मामाजींना वाचून दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, फवारणीवाल्याला बोलावशील तेव्हा मला सांगजो, फोटो मी काढतो. त्यांना वाचता येते पण मोबाईलवर लिहिता येत नाही. त्यांच्या हातून नोंद कशी करून घ्यावी?

---

हिंगणघाटची_कास्तकारीण

त्यांना कॅमेरा अन् आवाज, एवढंच द्या. वावरातून त्यांनी फोटो काढावा, नाहीतर फोनच्या साध्या रेकॉर्डरमध्ये दोन वाक्यं बोलून ठेवावी. बोलून टाइप करायला बहुतेक वेळा नेट लागते, म्हणून रेकॉर्डरच बरा. संध्याकाळी तुम्ही नाहीतर पोरीनं ऐकून त्या वावराच्या नोटमध्ये उतरवा. पोरीला द्याच हे काम, तिलाही वावर कळते.

अन् घरचं सोयाबीन बियाणं वापरणार असाल तर या आठवड्यातच उगवण पाहून घ्या. १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, मोड आलेले मामाजींना मोजू द्या. ७० किंवा वर आले तर एकरी ३० किलो पुरते, कमी आले तर त्या मानानं बियाणं वाढवा लागते. तो आकडा टेकडीखालच्या नोटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, अन् किती आला ते इथं सांगा.