प्रोबेशन किती महिन्यांचं असावं? इंदूरच्या मंडळींनी लिहा

तीन महिने, सहा महिने की वर्ष? बहुतेक ठिकाणी अपॉइंटमेंट लेटर जुन्या फाइलमधून उचलतात आणि त्यात सहा महिने छापलेलं असतं, म्हणून सहा महिने. पीथमपूर, सांवेर रोड, सियागंज, सुपर कॉरिडॉर, जिथे तुम्ही माणसं घेता आणि पक्की करता तिथला हिशोब सांगा. किती काळ, का, काय तपासायचं, कुठे फसतं. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ वाल्यांसाठी दुसरा धागा काढू.

पीथमपूर, मशीन शॉप

सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) ऑपरेटरला तीन महिने पुरतात, पण त्यात रात्रपाळीचे किमान दोन फेरे यायलाच हवेत. दिवसा शेजारी सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, असतो. ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) तोच टाकतो, इन्सर्ट (कापणारं पातं) तोच बदलतो, नवा माणूस जॉब चढवतो-उतरवतो आणि शेरा मिळतो ‘काम चांगलं’. मग पक्का झाल्यावर रात्री एकट्याने इन्सर्ट बदलतो, पहिला जॉब न मोजता मशीन चालू ठेवतो आणि सकाळी अख्खी लॉट रिजेक्ट.

पहिला पंधरवडा फक्त लोडिंग आणि मोजमाप. क्यूसीने (गुणवत्ता तपासणाऱ्यांनी) आधीच मोजलेले दहा जॉब घ्या, आकडे झाका आणि त्याला मोजायला द्या. मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर आधी त्याचा हात बघा: रॅचेट (ठरावीक दाबावर घसरणारी टोकाची मूठ) सोडून थिंबलच (फिरणारी नळी) आवळत असतो. ही सवय दोन दिवसांत सुटते, त्यावरून माणूस नापास करू नका. दुसऱ्या महिन्यात वेअर ऑफसेट (हत्यार झिजल्याची दुरुस्ती) त्याने टाकायचा, सेटरने नुसतं बघायचं. बाहेरचा व्यास ०.०४ ने मोठा आला तर एक्समध्ये (व्यासाच्या अक्षात) मायनस ०.०४, इथे प्लस टाकणारे पुष्कळ. तिसऱ्या महिन्यात रात्रपाळी. एवढ्यात ऑफसेट जमला नाही तर पुढचे तीन महिनेही तो सेटरलाच हाका मारणार.

सियागंज, वितरण

दादा, मशीनचं ठीक आहे, पण सेल्सच्या माणसाला तीन महिन्यांत पक्का करणं म्हणजे गोदामाची किल्ली अनोळख्याला देणं. नमकीनच्या पाकिटाची मुदत साधारण तीन-चार महिने. नवा पोरगा पहिल्याच महिन्यात दुकानदारांच्या गळ्यात माल मारतो, टार्गेट पूर्ण, सेठ खूश. तो माल विकला गेला की नुसता दुकानात पडला, हे मुदत संपून पाकिटं परत येतात तेव्हाच कळतं. तोवर याचं कन्फर्मेशन झालेलं.

त्यामुळे सहा महिने. त्यात विक्रीचा आकडा शेवटी बघा. आधी परतीचा माल, मग ४५ दिवसांवरची उधारी, मग त्याच दुकानाची दुसरी आणि तिसरी ऑर्डर. आणि दिवाळीच्या तोंडावर घेतलेल्या माणसाचे पहिले दोन महिने धरूच नका, तेव्हा कोणीही विकतो.

अकाउंट्सवाली

आमच्याकडे महिने मोजण्यापेक्षा तारखा मोजाव्यात. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ची ११, २बी (खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) ची १४, ३बी (कर भरायचं विवरण) ची २०, टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर) भरायची ७. हे चक्र महिन्यात एकदा फिरतं, तीन महिन्यांत तीनदा दिसतं. पण टीडीएसचं तिमाही रिटर्न मागच्या माणसाच्या नोंदींवर भरणं वेगळं आणि स्वतःच्या नोंदींवर भरणं वेगळं. १ जुलैला आलेल्याची पहिली पूर्ण तिमाही सप्टेंबरला संपते, रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे चार महिने. तिमाहीच्या मध्ये आला तर सहाच्या आसपास. चुकीचा पॅन, चुकीचं कलम तिथे उघडं पडतं; २बी मध्ये न दिसणारं बिल तसंच क्रेडिटला घेणं महिन्याच्या चक्रातच.

सुपर कॉरिडॉर

अनुभवी डेव्हलपरला तीन, फ्रेशरला सहा. महत्त्वाचं कलम नोटिशीचं: प्रोबेशनमध्ये १५ किंवा ३० दिवस, नंतर ६० किंवा ९०. उमेदवार पगार विचारतात, हे विचारत नाहीत.

कामगार कायद्यात काम करणारा

मध्य प्रदेशच्या जुन्या प्रमाणित स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नियमावलीत) कायम जागेवर सहा महिने समाधानकारक काम झालं की कर्मचारी कायम; केंद्राच्या जुन्या नमुना आदेशांत तीन महिने. छापील ‘सहा’चं मूळ बहुधा तिथे असावं.

आता नेहमीचा प्रश्न. मुदत संपली, पत्र आलं नाही, माणूस येतोय, मग आपोआप पक्का का? सत्यनारायण झवर प्रकरणात (२००१, अपीलकर्ता मध्य प्रदेश उच्च न्यायालयच) सर्वोच्च न्यायालयाने तीन प्रकार पाडले. मुदत आणि वाढवण्याचा अधिकार आहे पण कमाल मर्यादा नाही: आपोआप कायम नाही. कमाल मर्यादा आहे आणि त्यापुढे वाढवता येत नाही: कायम धरला जातो. मर्यादा आहे पण कायम करायला वेगळा आदेश किंवा परीक्षा लागते: आपोआप नाही. म्हणून ‘सहा महिने, गरज पडल्यास वाढवता येईल’ एवढंच लिहिणं कर्मचाऱ्याला लटकवून ठेवतं. कमाल किती, ते लिहून मागा.

मालकांसाठी २४० दिवसांचा आकडा. बारा महिन्यांत कामगाराचे तेवढे दिवस भरले, पगारी रविवार आणि सणाच्या सुट्ट्या धरून, की कपातीची (कामावरून कमी करण्याची) नोटीस आणि भरपाईचा वाद उभा राहू शकतो. पत्रातल्या अटीनुसार काढलं असेल तर बचाव आहे (सर्वोच्च न्यायालय, एम. वेणुगोपाल प्रकरण, १९९४), पण पत्र मोघम असेल तर तो लंगडा पडतो. सहा महिने अधिक तीनची मुदतवाढ म्हणजे नऊ महिने. तुम्ही रेषा कधीच ओलांडलेली असते. आणि काढताना ‘काम समाधानकारक नाही’ इतकंच लिहा. ‘चोरी केली’ लिहिलंत तर आधी चौकशी करावी लागते.

पेरोल

‘पक्का झाल्यावर पीएफ’ हे अजून सर्रास ऐकू येतं. चूक. लागू असलेल्या आस्थापनेत पीएफ, ईएसआय पहिल्या दिवसापासून, ग्रॅच्युइटीची सेवाही रुजू तारखेपासूनच मोजतात. अप्रेंटिस वेगळा, त्याचा करार अप्रेंटिस कायद्याखाली. पण नोंदणीच न करता कोणाला ‘ट्रेनी’ म्हटलं म्हणून तो अप्रेंटिस होत नाही.

शिक्षण खात्यातली

वर्षवाल्यांना एक सांगते. राज्य सरकारने २०१९ च्या आदेशात तृतीय-चतुर्थ श्रेणीच्या नव्या भरतीला तीन वर्षं परिवीक्षा आणि त्यात वेतनश्रेणीतल्या किमान वेतनाच्या ७०, ८०, ९० टक्के स्टायपेंड ठेवला. एवढ्या काळात पारख कसली करायची होती? पगार वाचवायचा होता.

पीथमपूर, मशीन शॉप

ताई, पटलं. वकीलसाहेब, मुदतवाढीचं पत्र कधी द्यायचं?

कामगार कायद्यात काम करणारा

मुदत संपायच्या आधी, पोच घेऊन. तारखेसकट तीन गोष्टी लिहा: काय कमी पडलं, काय जमायला हवं, पुढचा आढावा कधी. तीस दिवसांची वाढ पुरते. मुदत संपल्यानंतर मागच्या तारखेचं पत्र काढू नका, हजेरीपटाशी ताडून पाहिलं की लगेच कळतं.