खेड्यात पोरं "आपोआप" वाढतात म्हणे!

पऱ्याकाठची
पुणं सोडून संगमेश्वर तालुक्यातल्या सासरच्या गावी आलो त्याला चार वर्षं होतील. थोरला सहाचा, धाकटा साडेतीनचा. शहरातून जो येतो तो खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून हेच म्हणतो, "तुमचं बरंय, इथे पोरं आपोआप वाढतात." परवा नणंद म्हणाली, तेव्हा धाकटा गोठ्यात वासराशेजारी बसून त्याच्या घमेल्यातली पेंड चाटत होता.

कालचंच सांगते. पाऊस धो धो. दोघं पागोळ्यांखाली नाचले, इथवर ठीक. मग धाकट्याची एक चप्पल पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून गेली आणि हा तिच्यामागे निघाला. मी भाकरी तव्यावर टाकून धावले. भाकरीचा कोळसा, पोरगं हातात, चप्पल गेली ती गेलीच. तेवढ्यात थोरल्यानं तांब्यातून खेकडा आणून स्वयंपाकघरात ओतला. त्यात लाईट गेली. बॅटरी घेऊन सिलिंडरखाली, मांडणीखाली, तांदळाच्या डब्यामागे शोधला. रात्रभर मी पाय वर घेऊन झोपले. मे महिन्यात ओली काजूबी दातानं फोडून थोरल्याचा ओठ भाजला होता, ते वेगळंच.

नवरा म्हणतो, "आम्ही असेच वाढलो." माझं म्हणणं, फ्लॅटमध्ये दाराला कडी लावली की काम भागायचं, इथे डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. आणि ते बसणं बाईच्याच वाट्याला येतं. तुम्ही पोरं मोकळी सोडता का?

गडगा
ताई, राग मानू नका, पण तुम्ही गावाला आलात आणि कडी सोबत घेऊन आलात. मी राजापूरकडचा. आम्ही पाच भावंडं, आमच्यामागे कोणी फिरलं नाही. आजीनं दोनच गोष्टी शिकवल्या: दगड हातानं उचलायचा नाही, काठीनं उलथायचा, आणि पऱ्याचं पाणी गढूळ झालं की काठावरूनच मागे फिरायचं. काजूचा चीक एकदा लागला की पोरगं जन्मात परत बी चावत नाही. त्याला शिकवणी लागत नाही.

ठाण्याची पाहुणी
आमच्याकडे लेक हॉलमध्ये पळाली की खालच्या काकूंचा फोन येतो. अंगठ्यावर चालायला शिकवलंय तिला. तुमचा खेकडा मला द्या, आमच्या काकू घ्या.

शिवारातली
तुमची चर्चा घराला खळं असणाऱ्यांची. मी येवल्याकडची. कांदे लावायला जाते तेव्हा धाकटी बाभळीच्या झोळीत आणि तिला हलवायला पाच वर्षांचा भाऊ. "मोकळं सोडावं का" हा प्रश्न आम्हाला कोणी विचारतच नाही.

गडगाभाऊ, तुमच्या आजीच्या वेळी शेततळं होतं का? २०१६ला "मागेल त्याला शेततळे" ही सरकारी योजना आली आणि आमच्या शिवारात जिकडंतिकडं तळी झाली. तळाला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. चांगला पोहणाराही आत घसरला तर वर येता येत नाही, हाताला धरायलाच काही लागत नाही. तिथं "एकदा लागलं की शिकतं" चालत नाही. आमचं तळं झालं तेव्हा मी म्हटलं, आधी कुंपण मग पाणी. आमचे मालक म्हणाले पुढच्या वर्षी बघू. मी एक शेळी विकली आणि जाळी आणली.

गडगा
तळ्याचं मान्य. कागदाची तळी आमच्या लहानपणी नव्हतीच. पण पागोळ्या आणि तळं एकाच मापानं मोजू नका. ताईंचा धागा खेकड्यावर आहे.

पऱ्याकाठची
धागा खेकड्यावर नाही हो. तुमच्यामागे कोणी फिरलं नाही म्हणता, पण पऱ्याकडे जाताना वाटेत किती घरं लागायची? प्रत्येक पडवीत कोणी ना कोणी बसलेलं असणार, "काय रे, खंय चाललास?" म्हणून हटकणारं. आमच्या वाडीत आता अकरा घरांना कुलूप आहे, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. शाळेचा पट नऊ. २०२३ला २० पेक्षा कमी पटाच्या शाळा जोडून समूह शाळा करायचं निघालं, तेव्हापासून जीव टांगणीला. तुमच्यावर अख्ख्या वाडीची नजर होती. आता वाडीचं काम मी एकटी करते आणि वर ऐकते, "आपोआप"!

गडगा
हे मला सुचलं नव्हतं. आमच्या घराशेजारची म्हातारी खरंच दिवसभर पडवीत असायची, आम्हाला वाटायचं ती माशा मारते. तरी माझं मत बदलत नाही. वाडी रिकामी झाली त्याची शिक्षा पोरांना का? सहा वर्षांच्या मुलाला पऱ्यापर्यंत एकटं जाऊ द्या. धाकट्याला नको.

निवृत्त परिचारिका
फुरशाचं, त्या विषारी सापाचं, कोणी बोललंच नाही. दीड फुटाचं जनावर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत आणि पाचोळ्यात. खवले घासून खरखर आवाज करतं, तो आवाज पोरांना ओळखता आला पाहिजे. चावलं तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिक नाही. हातपाय न हलवता १०८वर फोन आणि सापाच्या विषावरची लस असलेला सरकारी दवाखाना. ८०च्या दशकात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधी विंचवानं गेलेली पोरं मी पाहिलीत. दिवसा सोडा पोरांना. तिन्हीसांजेनंतर पायात बूट आणि हातात बॅटरी, यावर वाद नको.

पऱ्याकाठची
बूट शोधायला गेले आणि खेकडा त्यातच सापडला!
शिवारातली ताई, दीर आंब्याच्या बागेसाठी तळं खणायचं म्हणतायत. जाळीशिवाय आणखी काय करू?

शिवारातली
चारही बाजूंनी दोर सोडा, वर लोखंडी खुंटीला बांधून, खाली पाण्यात बुडेपर्यंत. हातभर अंतरानं गाठी मारा. सुती नको, कुजतो. नायलॉनचा घ्या. आणि दर उन्हाळ्यात ओढून बघा.